धुऱ्यावर पाव तास: आपल्याच वावरात, अंगणात थांबून पाहायचं कसं

खेड्यात राहणाऱ्या माणसाला ‘निसर्गात जात जा’ असं सांगण्यात काही अर्थ नाही. तो सकाळी सहाला वावरातच असतो. पण वावरात असूनही वावर दिसत नाही, अशी आपली गत आहे. कापसाच्या पऱ्हाटीकडे पाहिलं की डोळा बोंडअळी शोधतो. ढग दिसला की पाऊस येतो का नुसताच जातो, एवढंच मनात येतं. पाखरांचा थवा ज्वारीवर उतरला की हात गोफणीकडे जातो. ही कामाची नजर आहे आणि तिच्यावरच घर चालतं, तेव्हा तिला नावं ठेवायचं कारण नाही. फक्त ती दिवसभर, वर्षभर चालू राहिली की पन्नाशी उलटलेल्या माणसालाही आपल्याच धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीत काय काय राहतं ते सांगता येत नाही.

ती नजर दिवसातून पाव तास बाजूला कशी ठेवायची आणि त्या वेळात पाहायचं काय, हे इथे सांगतो. नुसतं शांत बसून नवल वाटत नाही, असं माझं मत आहे. समोरची गोष्ट कशी चालते हे थोडं कळलं की वाटतं. म्हणून पाहायच्या गोष्टींसोबत त्यांच्यामागची करामतही देतो आहे.

आधी एक सांगायला हवं. कापसाचा भाव पडलेला असताना, बँकेचा हप्ता थकलेला असताना ‘पाखरं पाहा’ हे ऐकून कोणाला राग येईल, आणि तो राग खरा आहे. पाखरं पाहून कर्ज फिटत नाही. ज्याला रात्र रात्र झोप नाही, अन्न गोड लागत नाही, मनात वाईट विचार येतात, त्यानं तर धुऱ्यावर एकटं बसूच नये. घरातल्या माणसाजवळ बोलावं, सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना भेटावं, किंवा १४४१६ या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर फोन करावा. तिथे मराठीत बोलता येतं. बाकी सगळं त्यानंतर.

जागा ठरवा, आणि तीच ठेवा

रोज नवी जागा शोधू नका. एकच जागा धरा, आणि ती अशी असू द्या की तुम्ही तिथे तसेही जाताच. वावरात धुऱ्यावरचा कडुनिंब किंवा बाभूळ, विहिरीचा काठ, पांदणीचं वळण, घराचा ओटा, गोठ्यामागची मोकळी जागा, काहीही चालेल. पूर्व विदर्भात, भंडारा-गोंदियाकडे राहत असाल तर मामा तलावाची पाळ यासारखी दुसरी जागा नाही. जुन्या मालगुजारीच्या काळातले हे तलाव आजही धानाला पाणी देतात आणि पाणपाखरांनाही पोसतात. गोंदियाच्या भागात तर धानाच्या बांधीत सारसाची जोडी दिसू शकते. माणसाएवढा उंच हा पक्षी महाराष्ट्रात जवळजवळ त्याच पट्ट्यात उरला आहे. दिसला तर लांबूनच पाहा आणि घरट्याकडे जाऊ नका.

एकच जागा का, तर बदल कळायला आधी नेहमीचं काय ते माहीत असावं लागतं. त्या बाभळीवर रोज कोण बसतं हे ठाऊक झालं की एखाद्या सकाळी कोणीतरी नवीन आलंय हे आपोआप लक्षात येतं.

बायांसाठी वावरात एकटं बसणं दरवेळी सोयीचं नसतं, सुरक्षितही नसतं. तुमची जागा अंगणात असू द्या, किंवा वेचणीला, निंदणाला गेल्यावर भाकर खायला बसता ती सावली असू द्या. सोबतच्या दोघी-तिघी आल्या तरी चालेल. फक्त पहिली पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही, एवढं ठरवून घ्या.

गावात माणूस काम नसताना बसलेला दिसला की विचारपूस होतेच. “काऊन बसला गा एकटाच?” असं कोणी विचारलं तर लाजू नका. “पाखरं पाहून राह्यलो, ये बस” म्हणा. चार दिवसांत लोक विचारायचे थांबतात, आणि एखादा खरंच येऊन बसतो.

पहिली दहा मिनिटं वाट पाहण्याची

तुम्ही जाऊन बसलात की आसपासची पाखरं गप्प होतात किंवा दूर होतात. सरडा खोडाच्या मागच्या बाजूला जातो, खार वर चढून ओरडत राहते. त्यांच्या लेखी तुम्ही धोका आहात. हललात नाहीत तर थोड्या वेळानं त्यांचा संशय फिटतो आणि सगळं पूर्ववत सुरू होतं. बहुतेक जण नेमके त्याआधीच उठतात. म्हणून पाव तास हे माझं कमीत कमी माप आहे. अर्धा तास मिळाला तर उत्तम.

मोबाईल बंद करायची गरज नाही. आवाज बंद करून खिशात ठेवा. फोटो काढायचा मोह पहिले काही आठवडे टाळा, कारण फोटो घेतला की पाहून झालं असं मनाला वाटतं. पाखरू कोणतं हे ओळखायला मर्लिनसारखं ॲप जरूर वापरा, पण उठल्यावर.

बसल्यावर आधी डोळे मिटा आणि कानांनी सुरुवात करा. सगळ्यात लांबचा आवाज कोणता, मग त्याच्या अलीकडचा, मग अगदी जवळचा. लांबून ट्रॅक्टर, मग कोणाच्या तरी बैलाची घुंगरं, मग होले, मग कानाशी माशी. असे आवाज लावत गेलं की डोक्यातली हिशेबाची चक्रं आपसूक मंदावतात.

मे संपता संपता ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’ कानावर येईल. तो पावश्या. पहिल्या पावसाच्या आगेमागे चातकही येतो. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा असलेला. यातले बरेच चातक आफ्रिकेतून समुद्र ओलांडून मान्सूनच्या वाऱ्यासोबत येतात. आणि आता सातभाईंकडे पाहा. मातकट रंगाची, सदा भांडणाऱ्या सुरात बोलणारी ती टोळी तुमच्या धुऱ्यावर असणारच. पावश्या आणि चातक दोघंही आपली अंडी याच सातभाईंच्या घरट्यात घालतात. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये एखादं भलतंच दिसणारं, भलतंच मोठं पिल्लू सातभाईंच्या मागे तोंड वासून फिरताना दिसतं, आणि तेही त्याला जिवापाड भरवत असतात. ज्याच्या हाकेवर आपले आजे-पणजे पेरणीला लागले, त्याला लहानाचं मोठं करणारे हे मातकट सातभाई आहेत.

एकच वस्तू घ्या: पऱ्हाटीचं फूल

कान स्थिरावले की डोळ्यांना एकच काम द्या. सगळं वावर पाहायचं नाही, एक झाड, एक फांदी, एक फूल. ऑगस्ट-सप्टेंबरात पऱ्हाटी फुलावर आली की हा प्रयोग कराच. आपल्याकडे सगळीकडे असतो त्या अमेरिकन वाणाचं फूल सकाळी उमलतं तेव्हा दुधाळ, पिवळसर पांढरं असतं. त्याच्या देठाला रंगीत दोरा सैल बांधून ठेवा. संध्याकाळी जाऊन पाहा, पाकळ्यांवर गुलाबी झाक आलेली असेल. दुसऱ्या दिवशी तेच फूल गडद गुलाबी होऊन मिटलेलं दिसेल, आणि त्यानंतर ते वाळून गळेल. म्हणजे एकाच झाडावर पांढरी आणि गुलाबी फुलं दिसतात ती दोन जातींची नसतात, ती आजची आणि कालची असतात. दोरा बांधलेल्या जागी आता हिरवं बोंड धरलेलं असेल. दोरा तसाच राहू द्या.

फूल उमलतं त्याच दिवशी आत, डोळ्याला दिसत नाही अशा जागी, कापूस सुरू झालेला असतो. पुढे ज्याची सरकी होणार त्या इवल्याशा बीजाच्या सालीवरच्या काही पेशी बाहेर वाढू लागतात आणि साधारण तीन आठवडे नुसत्या लांब होत जातात. त्यानंतर त्यांची भिंत आतून थरावर थर चढत जाड होते. कापसाचा एक धागा म्हणजे अशी एकच्या एक पेशी असते. आपल्या अंगातल्या बहुतेक पेशी सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत, आणि इथे एक पेशी सुमारे ३ सेंटीमीटर लांब, स्वतःच्या जाडीच्या हजारपटीहून जास्त. फूल उमलल्यापासून दीड-पावणेदोन महिन्यांनी बोंड फुटतं, धागे वाळतात, आतून पोकळ असल्यामुळे चपटे होतात आणि स्वतःभोवती पीळ घेतात. तो पीळ आहे म्हणून सूत कातताना एक धागा दुसऱ्याला धरून ठेवतो.

दोरा बांधलेलं ते बोंड फुटलं की ते वेचून वेगळं ठेवा. एक धागा काढून उन्हात बोटांमध्ये धरा. आयुष्यभर क्विंटलनं मोजलेला माल असा एक पेशी एक पेशी हातात घेणं मला तरी फार मोठी गोष्ट वाटते.

फवारणी झालेल्या वावरात मात्र हे करू नका. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले ते आपण विसरलेलो नाही. फवारणीनंतर औषधाच्या डब्यावर लिहिलेले दिवस जाऊ द्या, आणि तोवर बसायची जागा घराकडे आणा.

घराच्या भिंतीवर

पावसात, उन्हात, आजारपणात बाहेर जाणं होत नाही. तेव्हा घरातली जागा उपयोगी पडते, आणि कित्येकदा ती वावरापेक्षा जास्त देते.

भिंतीच्या कोपऱ्यात, दाराच्या चौकटीवर, नाहीतर देवघराच्या मागे मातीची बोटभर घरटी चिकटलेली असतात. दिवाळीच्या सफाईत आपण ती खरवडून टाकतो. ती कुंभारीण माशीची. बारीक कमरेची ही माशी हापशीजवळच्या ओल्या मातीचा गोळा करून तोंडात धरून आणते. ती भिंतीवर उतरली की कान द्या. माती लिंपताना ती बारीक गुणगुणते, अंगाच्या त्या थरथरीनं माती सारखी पसरते. एका घरट्याला तिच्या कितीतरी खेपा होतात. मग ती शिकारीला जाते. काही जातींच्या कुंभारणी कोळी आणतात, काही अळ्या आणतात. नांगी मारून त्या शिकारीला लुळं करतात, मारत नाहीत, म्हणून ती आत सडत नाही. कप्पा असा शिदोरीनं भरला की त्यात एक अंडं घालून तोंड मातीनं बंद करायचं, आणि पुढचा कप्पा घ्यायचा. अंड्यातून निघालेली अळी ते अन्न खाऊन वाढते, कोषात जाते आणि एक दिवस माशी होऊन माती कुरतडत बाहेर येते. घरट्याला गोल छिद्र दिसलं तर समजा, लेकरू निघून गेलं.

यंदा एक घरटं ठेवा. हात लावला नाही तर ही माशी सहसा चावत नाही. अळ्या नेणारी कुंभारीण तर आपल्या शेताच्याही कामाची आहे.

तांदूळ निवडणं, शेंगा फोडणं, गाय दोहणं ही कामंही थांबायची जागा होऊ शकतात. त्यासाठी मोबाईलवरचा व्हिडिओ तेवढा वेळ बंद ठेवा, इतकंच. रात्री दिव्याजवळ पाल किडे टिपत असली तर तिचे पाय पाहा. तिच्या बोटांखाली अतिसूक्ष्म केसांचे झुबके असतात. चिकट असं काहीच नसतं. ते केस भिंतीच्या इतके जवळ जातात की कणाकणातल्या ओढीवरच तिचं वजन पेललं जातं.

ऋतू हुकवू नका

काही गोष्टी वर्षात थोडेच दिवस असतात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलला की सकाळी त्याच्यापासून थोडं दूर बसा. मैना, बुलबुल, कोतवाल, शिंजीर, कावळे, खारी, वानरं असे सगळे तिथे येऊन जातात. हिवाळ्यात मध्य आशियाकडून आलेल्या भोरड्याही परतीच्या आधी पळसावर रस प्यायला उतरतात. पळसाला पानं तीनच हे सगळे म्हणतात, पण तिन्ही पानं एकसारखी नसतात. मधलं मोठं, आणि बाजूची दोन एका अंगाला तिरकी. हाती घेऊन पाहा.

मार्च-एप्रिलमध्ये मोह. रात्री वटवाघळं फुलांवर येतात आणि पहाटे रसाळ फुलं टपटपा खाली पडतात. संत्र्याच्या पट्ट्यात, वरूड-मोर्शी-काटोलकडे, जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहार येतो तेव्हा संध्याकाळी बागेत नुसतं उभं राहावं.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की मातीत लाल मखमलीचे मृगाचे किडे फिरू लागतात. त्यांचे पाय मोजा. आठ भरतील, म्हणजे नातं कोळ्याशी. पहिल्या पावसाचा वासही मातीतल्या जिवाणूंनी बनवलेल्या द्रव्याचा असतो. थेंब आपटला की इवले बुडबुडे फुटून तो हवेत उडतो. उन्हाळ्यात काळ्या मातीला ज्या भेगा पडल्या होत्या, त्यातली एक पावसाआधीच नजरेत ठेवा. वरची भुसभुशीत माती भेगेत पडत असते, पाऊस आला की माती फुगते आणि भेग मिटते. वर्षानुवर्षं असं होत राहून ही जमीन स्वतःच स्वतःला खालीवर करते. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या खडकातून झालेली ही माती आहे.

थंडीत हरभऱ्याच्या पानांवरची आंब. पहाटे पानाला बोट लावून चाटलं की आंबट लागतं, कारण पानावरचे केस आम्ल पाझरतात. आपल्या आज्या रात्री पिकावर फडकं अंथरून सकाळी ते पिळून आंब काढायच्या. फवारणी नसलेलं झाड पाहूनच चाखा.

रात्रीचं आभाळ

कृषिपंपाची वीज रात्रीची असली की ओलितासाठी जागावंच लागतं, आणि रानडुकरांमुळे जागल असतेच. त्या वेळात वर पाहा. बॅटरी बंद केल्यावर अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. मध्येच मोबाईल पाहिला की पुन्हा पहिल्यापासून.

आपण ८ जूनच्या आसपास ‘मृग लागला’ म्हणतो. पण तेव्हा मृग आभाळात दिसतच नाही. सूर्य त्याच भागात असतो, त्यामुळे मृग दिवसा उगवतो आणि दिवसाच मावळतो. तो पाहायचा असेल तर जानेवारीत जेवणं झाल्यावर आग्नेयेकडे उंच पाहा. चार ताऱ्यांचा चौकोन आणि मधोमध एका रेषेत तीन तारे, तोच मृग. तीन ताऱ्यांची रेषा खाली वाढवली की लखलखता व्याध, वर वाढवली की लालसर रोहिणी आणि तिच्या पुढे कृत्तिकांचा पुंजका. पेरणीचं सगळं पंचांग ज्याच्या नावानं सुरू होतं, तो कापूस वेचून झाल्यावर निवांत दिसतो.

एप्रिल-मेमध्ये अंगणात खाट टाकून झोपत असाल तर उत्तरेला सप्तर्षी शोधा. गोंड समाजात त्यातल्या चार ताऱ्यांना खाट आणि मागच्या तिघांना ती चोरायला आलेले चोर मानतात. मधल्या चोराजवळ एक अंधुक तारा दिसतो का पाहा, ती अरुंधती. घरातल्या सगळ्यांना विचारा, कोणाला दिसते कोणाला नाही. यात नातवंडांची आणि आजोबांची चांगली जुंपते.

जिवाची काळजी

अंधारात पायाखाली बॅटरी आणि पायात बूट हवेत. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही आपल्याकडे आहेत. पावसाळ्यात आणि त्यानंतर दिवाळीपर्यंत उंच गवतात थेट बसू नका. तिथल्या सूक्ष्म किड्यांच्या चाव्यातून स्क्रब टायफस होतो, म्हणून ताडपत्री किंवा पोतं अंथरा आणि घरी गेल्यावर अंघोळ करा. वीज कडाडू लागली की झाडाखालून निघा, मग ती तुमची ठरलेली जागा असली तरी. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा सकाळी नऊनंतर बाहेर बसायचं नाही. आणि चंद्रपूर, गडचिरोली, भंडाऱ्याच्या वाघाच्या पट्ट्यात पहाटे मोहाखाली एकटं जाणं, वाकून बसणं जिवावर बेतू शकतं. तिथे गटानं जा, बोलत जा. तिथली पाहण्याची जागा गावाच्या आतच ठेवा.

लेकरं आणि म्हातारी माणसं

लेकरांना माहिती सांगू नका, काम द्या. बाभळीवरची सुगरणीची घरटी दाखवा आणि अर्धवट कोणती, पूर्ण कोणती ते मोजायला लावा. घरटं नर विणतो. अर्धं झालं की मादी येऊन तपासते, आणि पसंत पडलं तरच ते पुरं होतं. हे त्यांना आठवडाभर पाहून स्वतः कळू द्या. ‘हे असं का?’ असा प्रश्न आला आणि उत्तर माहीत नसलं तर “चाल, पाहू” म्हणा.

म्हाताऱ्यांना झाडांची, गवतांची, पाखरांची गावातली नावं विचारा. चराईवर आयुष्य गेलेल्या माणसाला कोणतं गवत कधी फुलतं, गाय कोणतं तोंडी लावत नाही हे पाठ असतं. ते आजवर कोणी विचारलेलं नसतं. शक्यतो त्यांना घेऊन त्याच पांदणीनं चाला, कारण ओट्यावर बसून आठवत नाही ते झाड समोर आलं की आठवतं.

कॅलेंडरवर दोन शब्द

वही घालायला जाल तर महिनाभरात बंद पडेल. भिंतीवरच्या कॅलेंडरला पेन बांधून ठेवा आणि तारखेच्या चौकटीत दोनच शब्द लिहा: ‘पावश्या ओरडला’, ‘पहिला पळस’, ‘मृगाचे किडे’, ‘कुंभारीण आली’, ‘हरभऱ्याला आंब’. घरातल्या कोणीही लिहावं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावं आणि लेकरांनी लिहावं. काहीच दिसलं नाही तर चौकट रिकामी राहू द्या.

वर्ष संपलं की ते कॅलेंडर रद्दीत देऊ नका. नव्याच्या मागेच, त्याच खिळ्याला अडकवून ठेवा. पावश्या गेल्या वर्षी कोणत्या तारखेला ओरडला होता हे पान उलटून पाहता येईल, आणि यंदा त्या तारखेच्या आठ दिवस आधीपासून कान तिकडे लागतील.